लाल रेघेखालचे ओळखीचे शब्द

संगणकाच्या लाल रेघेशी माझं जुनं वैर आहे. कवितेत 'खाला' किंवा 'सेहरी' लिहिलं, की ती शब्दाखाली उमटलीच! परवा मानखुर्दच्या घरी लेकीच्या पडद्यावरही तशाच रेघा दिसल्या. ती सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहिते. म्हणाली, "अब्बा, शब्द बरोबर आहेत. ह्याच्या ओळखीचे नाहीत, एवढंच."

हा तपासनीस म्हणजे लिंटर. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक धागे. बेल लॅब्जच्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली सी भाषेतल्या चुका झटकणाऱ्या प्रोग्रामला हे नाव दिलं. जावास्क्रिप्टसाठी निकोलस झाकस यांनी २०१३ मध्ये ईएसलिंट आणला. तो प्रोग्राम चालवत नाही, नुसता वाचतो. एखादं नाव फायलीत जाहीर केलेलं नसेल, बाहेरून मागवलेलंही नसेल, तर हरकत घेतो.

आता 'डिस्क्राइब', 'टेस्ट', 'एक्स्पेक्ट' ही नावं जेस्ट ही चाचण्यांची चौकट ऐन चालवताना पुरवते. नुसतं वाचणाऱ्याला ते कसं कळावं?

लेकीच्या एका सहकाऱ्याने वैतागून तो नियमच बंद केला होता. पुढे मुख्य प्रोग्राममध्ये एका नावातलं अक्षर चुकलं. रेघ आली नाही. ती ओळ फक्त पावती रद्द करताना चालायची आणि त्या वाटेची चाचणीच नव्हती. चूक सापडली ती थेट ग्राहकाला!

खरा उपाय ओळख करून देण्याचा. पूर्वी मांडणीत 'एन्व्ह'खाली जेस्टचं नाव घातलं की भागायचं. २०२४ च्या नवव्या आवृत्तीपासून नवी मांडणी रूढ झाली. तिच्यात वेगळा तुकडा लिहायचा: 'फाइल्स'पुढे चाचणीच्या फायलींच्या नावांचा नमुना आणि 'लँग्वेज ऑप्शन्स'मधल्या 'ग्लोबल्स'पुढे जेस्टची नावं. ही यादी 'ग्लोबल्स' नावाच्याच पॅकेजात तयार मिळते. सवलत चाचणीच्या फायलींपुरतीच ठेवायची, हे महत्त्वाचं. नाहीतर मुख्य प्रोग्राममध्ये चुकून आलेला 'एक्स्पेक्ट'ही बिनबोभाट सुटेल. दुसरी वाट म्हणजे प्रत्येक फायलीच्या माथ्यावर ही नावं जेस्टकडून रीतसर मागवायची. मग मांडणीत काही लिहावं लागत नाही. मला हीच आवडली. पाहुणा कोण, ते दारातच कळतं. लेक म्हणाली, "दोनशे फायलींत कोण लिहिणार, अब्बा?"

तिने तो तुकडा लिहिला. रेघा भराभर गेल्या. एकच उरली. तिथे 'एक्स्पेक्ट'मधला 'सी' तिच्या हातून राहून गेला होता.