संगणकाच्या पोटातील प्रोसेसरची ओळखपरेड

जुनी मोटरसायकल विकत घेताना जाणता माणूस काय करतो, हे तुम्ही पाहिले आहे का? टाकीवरचे रंगीत स्टिकर पाहून तो पैसे मोजत नाही. तो खाली वाकतो, सांगाड्यावर ठोकलेला चासी नंबर फडक्याने पुसून वाचतो, इंजिनावरचा नंबर वाचतो आणि दोन्ही आर.सी. बुकाशी ताडून पाहतो. टाकी बदलता येते, स्टिकर दहा रुपयांना मिळते. पण सांगाड्यावरचा नंबर बदलणे सोपे नसते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. तुमच्यापैकी अनेकांच्या घरातले कोणी ना कोणी गाड्यांच्या कारखान्यात किंवा भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये कामाला असेलच.

आता अशी कल्पना करा, की एका कारखान्याने आपल्या कचेरीतले वापरलेले दहा संगणक तुमच्या शाळेला भेट दिले आहेत. दहाही पेट्या काळ्या, दहाही सारख्या उंचीच्या आणि प्रत्येकीवर ‘कोअर आय ५’ असे चकचकीत स्टिकर. शाळेजवळ पैसे थोडे आहेत. यांतल्या कोणत्या संगणकांवर नवी प्रणाली चालेल? कोणावर खर्च करावा आणि कोणावर करू नये? याचे उत्तर हवे असेल, तर आत कोणता प्रोसेसर बसला आहे हे आधी कळले पाहिजे. मग ते कसे ओळखायचे बरे?

स्टिकर काय सांगते?

प्रोसेसर, म्हणजेच प्रक्रियक, हा संगणकाचा आकडेमोड करणारा आणि हुकूम पाळणारा भाग. आकाराने तो बिस्किटाएवढा असतो. त्याच्यावर उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा आणि पंखा बसवलेला असतो, म्हणून पेटी उघडली तरी तो दिसत नाही. पंखा काढावा, तर मधला उष्णतावाहक लेप पुसून पुन्हा नवा लावावा लागतो. तेव्हा तो उद्योग जाणकारावरच सोपवलेला बरा.

मग स्टिकरवर भागवावे का? ‘आय ५’ हे नाव २००९ पासून वापरात आले आणि पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या प्रोसेसरांना देण्यात आले. ते एखाद्या आडनावासारखे आहे. आजोबांचे आणि नातवाचे आडनाव एकच असते, म्हणून दोघांचे वय एक होत नाही!

दोन उदाहरणे घेऊ. ‘आय ५ २४००’ हा २०११ सालचा. त्याच्यात चार गाभे, म्हणजे कोअर, आहेत आणि त्याचा मूळ वेग ३.१ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३१० कोटी ठोके आहे. ‘आय ५ ८४००’ हा २०१७ सालचा. त्याचा मूळ वेग २.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे २८० कोटी ठोके. तुम्ही म्हणाल, पहिलाच जलद! पण तसे नाही. दुसऱ्यात सहा गाभे आहेत, काम पडेल तेव्हा तो आपला वेग पुष्कळ वाढवतो आणि एका ठोक्यात पहिल्यापेक्षा अधिक काम उरकतो. पुण्यातील सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक बनवला, तो असेच अनेक छोटे प्रोसेसर शेजारी शेजारी जोडून. काम वाटून घेण्याची तीच युक्ती आज तुमच्या टेबलावरच्या एका चिपमध्ये सामावली आहे.

म्हणून ‘आय ५’च्या पुढचा आकडा महत्त्वाचा. इंटेलच्या दुसऱ्या ते चौदाव्या पिढीपर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत शेवटचे तीन अंक सोडले, की उरतो तो पिढीचा आकडा. २४०० ही दुसरी पिढी, ८४०० ही आठवी, तर १२४०० ही बारावी. शेवटी ‘एफ’ हे अक्षर असेल, तर त्या प्रोसेसरात चित्रे दाखवणारा भाग चालू नसतो. तेथे वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेच पाहिजे, नाही तर पडदा काळाच राहील. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने नावांची पद्धत बदलली आहे. एएमडीच्या रायझेन मालिकेचे नियमही वेगळे आहेत. तेथे हा हिशेब लावू नका.

संगणकालाच विचारा

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्याची ओळख पटवायची त्यालाच नाव विचारणे. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. उघडलेल्या चौकटीत ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘सीपीयू’ निवडा. प्रोसेसरचे पूर्ण नाव वरच्या कोपऱ्यात दिसेल. लिनक्स असेल, तर टर्मिनलमध्ये एल, एस, सी, पी, यू ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत सलग लिहून एंटर दाबा. माहितीची एक यादीच समोर येईल.

हे नाव संगणकाला कोठून कळते? प्रोसेसरच्या अंगी एक खास हुकूम आहे, त्याचे नाव ‘सीपीयू आयडी’. हा हुकूम देताना ‘ए’ या नोंदकात, म्हणजे रजिस्टरमध्ये, शून्य हा आकडा ठेवला, तर प्रोसेसर आपल्या निर्मात्याचे नाव ‘बी’, ‘डी’ आणि ‘सी’ या तीन नोंदकांत भरतो. प्रत्येक नोंदकात ३२ बिट मावतात. एका इंग्रजी अक्षराला ८ बिट लागतात. उदाहरणार्थ, मोठ्या लिपीतील ‘जी’ म्हणजे ७१, आणि द्विमान पद्धतीत ०१०००१११. म्हणजे एका नोंदकात चार अक्षरे आणि तिन्हींत मिळून बारा.

गंमत पाहा. निर्मात्याची सही बरोबर बारा अक्षरांतच बसवावी लागते! ‘जेन्युइन इंटेल’ इंग्रजीत जोडून लिहा आणि मोजा: सात अधिक पाच, बारा. ‘ऑथेंटिक एएमडी’: नऊ अधिक तीन, पुन्हा बारा. सायरिक्स नावाची एक स्पर्धक कंपनी होती. तिने सही ठेवली ‘सायरिक्स इन्स्टेड’, म्हणजे ‘त्याऐवजी सायरिक्स’. तीही बाराच अक्षरांची!

पुढचे प्रश्न विचारले, की प्रोसेसर आपले घराणे, नमुना आणि सुधारणा-क्रमांक सांगतो. एकाच नावाच्या प्रोसेसरातही कारखान्यात वेळोवेळी दुरुस्त्या होतात, त्या या शेवटच्या क्रमांकावरून कळतात.

मुक्या प्रोसेसरांची परीक्षा

पण हा हुकूम पहिल्यापासून नव्हता. १९७८ चा ८०८६, १९८२ चा ८०२८६ आणि १९८५ चा ८०३८६ हे या बाबतीत मुकेच होते. मग त्या काळचे प्रोग्रॅमर काय करीत? तुम्ही प्रयोगशाळेत अज्ञात क्षार ओळखता तेच! क्षार आपले नाव सांगत नाही. आपण त्यावर अभिक्रियाकारक घालतो आणि अवक्षेप येतो का, कोणत्या रंगाचा येतो, हे पाहतो.

प्रोसेसरमध्ये ‘फ्लॅग’ नावाचा एक नोंदक असतो. त्याचे काही बिट बदलायचा प्रयत्न करायचा आणि काय होते ते पाहायचे. १२ ते १५ क्रमांकांच्या बिटांत शून्य लिहूनही ते हट्टाने १ च राहिले, तर तो ८०८६ च्या काळातला. उलट तेथे १ लिहूनही शून्यच राहिले, तर ८०२८६. ते बदलले पण १८ वा बिट बदलेना, तर ८०३८६. १८ वा बिटही बदलला, तर १९८९ चा ८०४८६ किंवा त्याच्या पुढचा. आणि २१ वा बिट बदलता आला, तर समजायचे की या प्रोसेसरला बोलता येते. आता त्याला खुशाल नाव विचारा!

पुणेकराचा पेंटियम आणि चुकलेला भागाकार

८०४८६ नंतर ८०५८६ यायला हवा होता. पण नुसत्या आकड्यांवर व्यापारचिन्हाचा हक्क मिळेना, म्हणून १९९३ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीला इंटेलने ‘पेंटियम’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील ‘पेंटे’ आणि आपला संस्कृत ‘पंच’ हे एकाच कुळातले शब्द आहेत. या प्रोसेसरच्या निर्मितीत ज्यांचा मोठा वाटा होता आणि ज्यांना ‘पेंटियमचे जनक’ म्हणतात, ते विनोद धाम यांचा जन्म १९५० मध्ये पुण्यात झाला. ८०८६ मध्ये सुमारे २९ हजार ट्रान्झिस्टर होते. पेंटियममध्ये ३१ लाख!

१९९४ मध्ये अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली हे जुळ्या मूळ संख्यांवर काम करीत होते. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा जोड्यांना जुळ्या मूळ संख्या म्हणतात. त्यांची उत्तरे जुळेनात. आपलेच काही चुकले असेल म्हणून त्यांनी सगळे पुनःपुन्हा तपासले. अखेर दोष सापडला तो पेंटियममध्ये! भागाकारासाठी त्याच्या पोटात एक कोष्टक होते आणि त्यातल्या काही नोंदी गाळल्या गेल्या होत्या. त्यामुळे काही मोजके भागाकार चुकत होते.

त्यांपैकी एक तुम्ही स्वतः करून पाहा. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा. पहिला भाग १, मग दशांशचिन्हानंतर ३, ३, ३ आणि ८. म्हणजे उत्तर १.३३३८... दोषी पेंटियम सांगत असे १.३३३७... पाचवी-सहावीतला मुलगा कागदावर जे बरोबर काढील, ते ३१ लाख ट्रान्झिस्टरांना जमत नव्हते. डिसेंबर १९९४ मध्ये इंटेलने मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर केले आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा बोजा सोसला.

दोषी आणि निर्दोष, दोघांवरही नाव ‘पेंटियम’च होते. दोघांतला फरक कळत होता तो सुधारणा-क्रमांकावरून किंवा हा भागाकार घालून.

उत्तरही ताडून पाहा

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. प्रोसेसरचे नाव पडद्यावर दिसते, ते तरी खरेच असते का? बहुधा असते. पण विंडोजमध्ये दाखवले जाणारे नाव तिच्या एका नोंदीत साठवलेले असते आणि ती नोंद बदलता येते. म्हणून जुना संगणक विकत घेताना एका साक्षीवर विसंबू नका. संगणक सुरू होताना बायोसच्या पडद्यावर दिसणारे नाव पाहा. गाभ्यांची संख्या आणि मूळ वेग लिहून घ्या आणि त्या नावाच्या प्रोसेसरची निर्मात्याने दिलेली माहिती त्यांच्याशी जुळते का, ते पाहा. नाव ‘आय ५ ८४००’ आणि गाभे मात्र चारच, असे दिसले तर कोठेतरी पाणी मुरते आहे!

आता शाळेच्या त्या दहा संगणकांकडे वळू. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचे मुख्यतः आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर मान्य आहेत. म्हणजे दहांपैकी ८४०० असलेल्या संगणकांवर ती घालता येईल. २४०० असलेले भंगारात काढायचे का? मुळीच नाही. त्यांच्यावर लिनक्सची एखादी हलकी प्रणाली घाला, ते प्रोग्रॅमिंग शिकायला उत्तम चालतील. ओळख पटली, म्हणून प्रत्येकाला त्याच्या जोगे काम देता आले.

करून पाहा

१. शाळेच्या संगणक कक्षातील प्रत्येक यंत्रासाठी एक तक्ता करा. रकाने असे: स्टिकरवरचे नाव, पडद्यावरचे नाव, पिढी, गाभे, मूळ वेग. स्टिकर आणि पडदा यांत फरक आढळला, तर शिक्षकांना दाखवा.

२. वरचा भागाकार हाताने करा, मग मोबाइलवर आणि संगणकावर करा. तिन्ही उत्तरे वहीत लिहा.

३. जवळच्या गॅरेजमध्ये जा. मेकॅनिक नव्या गाडीला वायरने एक छोटे यंत्र जोडतो आणि गाडीतला नियंत्रक आपली ओळख व आपले दुखणे पडद्यावर सांगतो. ते पाहायला मिळते का, ते विचारा. आणि मेकॅनिक त्या उत्तरावर थांबतो, की बॉनेट उघडून स्वतःही पाहतो, याकडे नीट लक्ष ठेवा!