कोंबड्यांच्या तळपायाचें गळूं व त्यावरील उपाय

मालवण किनाऱ्यावरील शेतकऱ्याच्या परसांत माड, पोफळी, केळी व शेवगा यांच्या जोडीनें आठ-दहा गावठी कोंबड्या बहुधा असावयाच्याच. भाताचें पीक वर्षांतून एकदां हातीं येतें, नारळ ठराविक काळानें उतरतात, आंबा-काजूचा हंगाम दोन-तीन महिन्यांत संपतो. कोंबडीचें अंडें मात्र घरच्या रोजच्या नडीस उपयोगी पडतें. हा पैसा बहुतेक ठिकाणीं घरांतील स्त्रियांच्या हातचा असतो, व मुलांची वह्या-पुस्तकें किंवा औषधपाणी यांचा खर्च त्यांतून परभारें भागतो. असें असूनही या पक्ष्यांच्या निगेकडे आपलें लक्ष जातें तें मानमोडीची सांथ गांवांत शिरल्यावरच. मानमोडी एका आठवड्यांत खुराडें ओस पाडिते, म्हणून तिची धास्ती सर्वांस आहे. तळपायाच्या गळवाचें तसें नाहीं. हा विकार एकेका पक्ष्यास गाजावाजा न करितां धरितो; कोंबडी लंगडते, चरणें कमी करिते, अंडीं बंद होतात, आणि "काटा मोडला असेल" एवढ्यावर आपण विषय सोडून देतों.

प्रस्तुत लेखकाच्या घरीं कांहीं वर्षांपूर्वीं अशीच चूक झाली. एक तांबडी कोंबडी दर खेपेस दहा-अकरा पिलें सांभाळून मोठीं करीत असे. आषाढाच्या पावसांत ती लंगडूं लागली. पाय उलटा करून पाहिला, तों तळव्याच्या मध्यभागीं हरभऱ्याएवढी काळी खपली व भोंवतीं सूज. काटाच असणार असें समजून आम्हीं ती खपली कोरडीच सुई व चाकूनें उकरली. रक्त पुष्कळ गेलें, काटा मात्र सांपडला नाहीं. वर हळद दाबली आणि कोंबडीस पुन्हां चिखलांत सोडून दिलें. चौथ्या दिवशीं सूज वरच्या सांध्यापर्यंत चढली व पुढील आठवड्यांत ती मेली. तिच्यामागें उघडीं पडलेलीं पिलें एकामागून एक घारींनीं नेलीं. दुसऱ्या वर्षीं हाच विकार तिच्या एका तलंगेस झाला, तेव्हां मात्र पशुवैद्यांचा सल्ला आधीं घेतला. ती तीन आठवड्यांत बरी होऊन पुन्हां अंड्यावर आली. पहिल्या वेळीं काय चुकलें व दुसऱ्या वेळीं काय साधलें, हें वाचकांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

रोगाचें स्वरूप.— या विकारास इंग्रजींत बंबलफूट असें नांव आहे. त्याचें मूळ बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस नांवाच्या जंतूंत असतें. माणसाच्या गळवांतील पुवांत द्राक्षांच्या घडासारखे गोळा झालेले हे जंतु स्कॉटलंडांतील शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनीं १८८० सालीं प्रथम ओळखिले. ते माणसांच्या व पक्ष्यांच्या कातडीवर आणि खुराड्याच्या जमिनीवर नेहमींच असतात. कातडी अभंग असेपर्यंत ते कांहीं करूं शकत नाहींत. परंतु तळव्यास चीर पडली, काटा रुतला, किंवा सततच्या दाबानें व ओलीनें कातडी मऊ होऊन फाटली, म्हणजे त्यांस दार उघडें सांपडतें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेविली पाहिजे. माणसाचें किंवा गुरांचें गळूं पिकलें म्हणजे पू पातळ होऊन फुटून वाहतो. पक्ष्यांचें तसें होत नाहीं. पू पातळ करणारें जें द्रव्य आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशींत असतें, तें पक्ष्यांच्या त्या कामाच्या पेशींत नसतें. त्यामुळें कोंबडीच्या गळवांतील पू खरवसाच्या वडीसारखा घट्ट होऊन, पुढें पुढें सुक्या खोबऱ्याच्या तुकड्याइतका कठीण गोळा बनतो. हा गोळा दाबून बाहेर येत नाहीं. उलट दाबल्यानें जंतु आणखी खोल, स्नायूंच्या दोऱ्यांकडे व सांध्यांकडे ढकलले जातात. आमच्या तांबडीचा घात याच अज्ञानानें झाला.

आपल्याकडील कारणें.— हा रोग जगांत सर्वत्र होतो. परंतु त्यास निमंत्रण देणाऱ्या कांहीं गोष्टी आपल्या किनाऱ्यावर विशेष आहेत.

पहिली गोष्ट जांभा दगड. आपले गडगे, पायऱ्या व पुष्कळ ठिकाणीं खुराड्याची जमीनहि चिऱ्यांची असते. जांभ्याचा पृष्ठभाग खरबरीत व भोंकाभोंकांचा असतो. उंच गडग्यावरून दिवसांतून अनेक वेळां उडी घेणाऱ्या पक्ष्याचा तळवा त्यावर आपटून ठेंचाळतो.

दुसरी गोष्ट पाऊस. या जिल्ह्यांत वर्षास सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व त्यांतील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत परसांतील चिखल व खुराड्यांतील ओली विष्ठा यांनीं तळव्याची कातडी भिजून सैल होते.

तिसरी गोष्ट रात्रीं बसावयाची दांडी. पोफळीच्या चिरलेल्या रिपा किंवा फोडलेला बांबू आपण सर्रास वापरतों. त्यांच्या कडा धारदार असतात व कुसळें निघतात. पक्षी रात्रभर त्याच कडेवर सर्व भार टाकून बसतो.

चौथी गोष्ट परसांतील कचरा. तिसऱ्यांचे व कालवांचे फुटके शिंपले, माशांचे कांटे, वईसाठीं तोडलेल्या कांटेरी फांद्या, कांचेचे तुकडे आणि लोखंडी खिळे यांपैकीं कांहींहि तळव्यांत शिरूं शकतें.

शेवटची गोष्ट पक्ष्याचें वजन व खाणें. गिरिराज, वनराज इत्यादि सुधारित जातींचे पक्षी गावठीपेक्षां वजनदार असतात. म्हणून त्यांच्या व मोठ्या कोंबड्यांच्या पायांवर भार अधिक पडतो. केवळ तांदुळाच्या कण्यांवर वाढविलेल्या पक्ष्यास अ जीवनसत्त्व पुरेसें मिळत नाहीं व त्याची कातडी दुबळी राहते.

ओळख.— महिन्यांतून एकदां, व पावसाळ्यांत दर आठवड्यास, पक्षी दांडीवर बसल्यावर बॅटरीच्या उजेडांत एकेकाचे तळवे पाहावे. अंधारांत कोंबडी शांत असते व हातांत सहज येते. पहिल्या अवस्थेंत तळव्यास तांबूसपणा, किंचित् ऊब व कुरूपासारखी जाड कातडी दिसते. पक्षी लंगडतोच असें नाहीं. दुसऱ्या अवस्थेंत सूज येते, मध्यें काळी अगर तपकिरी खपली बसते आणि पक्षी पाय उचलून धरितो. तिसऱ्या अवस्थेंत सूज बोटांमध्यें व नडगीकडे पसरते, सांधा गरम लागतो, पक्षी बसून राहतो व खाणें सोडतो.

लंगडणारा प्रत्येक पक्षी या रोगाचा नव्हे. नडगीवरील खवले उचलून खरखरीत पांढरट पापुद्रे दिसूं लागले, तर ती खवल्याखालील बारीक किड्यांची खरूज समजावी. एक पाय पुढें व एक मागें पसरून पक्षी लुळा पडला, तर तो मज्जातंतूंचा रोग असूं शकतो. आमच्या समुद्रकांठच्या गांवांत आणखी एक प्रकार आढळतो: फाटक्या जाळ्याचा नायलॉनचा धागा किंवा काथ्याचा तंतु बोटास गुंडाळला जाऊन आंत रुततो व बोट सुजून काळें पडतें. म्हणून तळवा पाहतांना बोटांच्या बेचक्याहि पाहाव्या.

उपचार.— दुखावलेला पक्षी प्रथम वेगळा काढून कोरड्या जागीं, स्वच्छ कापड किंवा मऊ पेंढा अंथरून ठेवावा. दांडी देऊं नये; पाणी व दाणा जवळ ठेवावा. पायास हात लावण्यापूर्वीं रबरी हातमोजे घालावे व काम झाल्यावर साबणानें हात धुवावे, कारण हेच जंतु माणसाच्या जखमेंतहि शिरतात. मुलांस या कामापासून दूर ठेवावें.

पहिल्या अवस्थेंत पाय स्वच्छ धुवून कोमट पाण्यांत १० ते १५ मिनिटें बुडवून धरावा. एक लिटर पाण्यास एप्सम सॉल्ट दोन मोठे चमचे घालावें. हें पाणी पक्ष्यास पिऊं देऊं नये. पाय नीट टिपून कोरडा करावा व पोव्हिडोन आयोडीनचें औषध लावावें. दिवसांतून दोन वेळां असें केल्यानें व जमीन कोरडी ठेविल्यानें आरंभींचा विकार बहुधा येथेंच थांबतो.

दुसऱ्या अवस्थेंत याच रीतीनें खपली भिजवावी. कांहीं दिवसांनीं ती आपोआप सुटली व तिच्याबरोबर घट्ट गोळा सैल होऊन निघाला, तर उत्तम. निघत नसेल, तर नखानें, सुईनें अगर चाकूनें उकरूं नये. खड्डा स्वच्छ करून औषध लावावें, वर निर्जंतुक जाळीच्या कापडाची घडी ठेवावी आणि पट्टी बोटांमधून व नडगीभोंवतीं फिरवून बांधावी. पट्टी घट्ट झाल्यास बोटें थंड पडतात व सुजतात. म्हणून तासाभरानें बोटें पुन्हां पाहावीं. पट्टी रोज, व ओली झाल्यास तत्काळ, बदलावी. बाजारांतील मलमांपैकीं दुखणें बधिर करणारें द्रव्य मिसळलेलीं मलमें पशुवैद्यांस विचारल्यावांचून लावूं नयेत. तीं लहान पक्ष्यास बाधण्याचा संभव असतो.

आठवड्यांत उतार दिसला नाहीं, किंवा तिसऱ्या अवस्थेचीं चिन्हें दिसलीं, तर पक्षी पशुवैद्यांकडे नेलाच पाहिजे. तळव्यांत रक्तवाहिन्या व बोटें हालविणाऱ्या दोऱ्या दाटीनें असतात. त्या न दुखवितां गोळा काढणें हें भूल देण्याचें साधन व ज्ञान असलेल्या माणसाचें काम आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत जाणें शक्य नसेल, तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीं विचारणा करितां येते. प्रतिजैविक औषध द्यावें कीं नाहीं व कोणतें द्यावें, हें पशुवैद्यांनींच ठरवावें. शेजाऱ्याकडील उरलेल्या गोळ्या पाण्यांत घालण्याची रीत वाईट आहे. तिनें रोग जात नाहीं, मात्र जंतु औषधास सरावतात. औषध चालू असतांना व त्यानंतर पशुवैद्य सांगतील तितके दिवस त्या कोंबडीचीं अंडीं खाऊं अगर विकूं नयेत.

जुन्या घरगुती उपायांविषयीं दोन शब्द. माणसाच्या भेगाळलेल्या टांचेस बिब्बा लावितात, म्हणून कोंबडीच्या पायासहि लावणारे लोक आहेत. बिब्ब्याचें तेल कातडी जाळतें, व जळालेली कातडी जंतूंस आयतीच वाट देते. तापल्या विळ्यानें डाग देणें हेंहि तसेंच अघोरी. हळद व खोबरेल तेल वरवरच्या खरचटण्यास लावण्यास हरकत नाहीं. परंतु आंत गोळा धरलेल्या गळवावर त्यांची भिस्त ठेवूं नये.

प्रतिबंध.— खुराड्याची जमीन आजूबाजूच्या जमिनीहून हातभर उंच करावी. चिऱ्यांची जमीन असल्यास मातीनें सारखी करून तीवर भाताच्या तुसाचा चार बोटें थर द्यावा. तो वरचेवर हालवावा व ओला झालेला भाग लागलाच काढून माडाच्या आळ्यांत टाकावा, म्हणजे खतहि वायां जात नाहीं. पावसाळ्यापूर्वीं पुरेसें तूस कोरड्या जागीं सांठवून ठेवावें. आषाढांत तें शोधूं गेल्यास मिळत नाहीं. दांडी सुमारें दोन इंच जाडीची, सालून गुळगुळीत केलेली व कडा मारलेली असावी. तिची उंची गावठी पक्ष्यांस दोन फुटांहून अधिक नसावी, जड पक्ष्यांस एक फूट पुरे. गडग्यावरून उतरण्याच्या जागीं माती किंवा पालापाचोळा टाकून ठेवावा.

शिंपले टाकून द्यावयाचे नाहींत; ते भाजून व बारीक कुटून दिल्यास अंड्याच्या कवचास उपयोगी पडतात, व परसांतील काचहि कमी होतो. कण्यांच्या जोडीस शेवग्याचा पाला, तांबडा भोपळा व इतर हिरवा पाला रोज द्यावा. शेवग्याच्या पाल्यांत अ जीवनसत्त्व होणारें द्रव्य विपुल असतें, आणि शेवगा तर आपल्या परसांत उभाच असतो. या बाबतींत अधिक माहिती पाहिजे असल्यास मालवण तालुक्यांत किर्लोस येथें कृषि विज्ञान केंद्र आहे; तेथें विचारणा करावी.

वर सांगितलेल्या उपायांत खर्च फारसा नाहीं. एक गुळगुळीत दांडी, चार पोतीं तूस, औषधाची एक बाटली आणि आठवड्यांतून घटकाभर वेळ, एवढेंच भांडवल लागतें. कोंबडीस आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. ती फक्त पाय उचलून धरिते. ती खूण पहिल्याच दिवशीं ज्याच्या दृष्टीस पडते, त्याच्या खुराड्यांतील कोंबडी वांचते, आणि तिच्या पंखाखालचीं पिलेंहि वांचतात.