आकाशातील डोळा आणि जमिनीवरील कात्री

रघुवंशाच्या तेराव्या सर्गात श्रीराम पुष्पक विमानातून सीतेसह अयोध्येस परत निघतात. खाली समुद्र दिसतो, सेतू दिसतो. जनस्थान, गोदावरी, पंचवटी, चित्रकूट आणि प्रयागचा गंगा-यमुनासंगम अशी स्थळे एकामागून एक मागे पडत जातात. लंकेपासून शरयूपर्यंतचा हा एवढा प्रवास कालिदासाने एका सर्गात उरकला आहे. म्हणजे वाटेतील बहुतेक भूमी त्याने गाळली आहे. आणि विमान त्या उंचीवरून चालले असता एके ठिकाणी राम सीतेला सांगतात की, तुला शोधीत फिरताना तुझे एक नूपुर मला सापडले ते स्थळ हेच. एवढ्या उंचीवरून नूपुर कोठून दिसणार? परंतु विस्तीर्ण भूभागाच्या दर्शनात ही एक लहानशी वस्तू आणून ठेवल्यामुळेच त्या सर्गात जीव आला आहे. ड्रोन नावाच्या उडत्या यंत्राने टिपलेल्या चित्रांचे संकलन कसे करतात हे सांगावयाचे असता मला प्रथम कालिदासाचे स्मरण व्हावे, ह्यात श्रोत्यांना काही वावगे वाटू नये.

ड्रोन आता कोणाला अपरिचित राहिलेला नाही. चार लहान पंख्यांवर तोलून उडणारा आणि पोटाशी कॅमेरा बांधलेला हा पक्षी खेड्यातील लग्नातही दिसतो. मात्र दिल्ली आणि तिच्या भोवतालचा राजधानी परिसर ही ह्या पक्ष्याच्या दृष्टीने मोठी अडचणीची जागा आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या नियमांप्रमाणे सर्व देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या व तांबड्या क्षेत्रांत विभागलेला आहे. हिरव्या क्षेत्रात सामान्यतः ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटर उंचीपर्यंत, वेगळी अनुमती न घेता उडता येते. तांबड्या क्षेत्रात केंद्र सरकारच्या अनुमतीवाचून मुळीच नाही. राष्ट्रपती भवन, संसद, विमानतळ आणि लष्करी ठाणी ह्यांमुळे राजधानीचा मध्यभाग तांबडाच आहे. त्यातच प्रजासत्ताकदिन आणि स्वातंत्र्यदिन जवळ आला की पोलिसांचे मनाई हुकूम निघतात. १७३७ साली बाजीरावाची फौज तालकटोऱ्याच्या परिसरापर्यंत येऊन ठेपली होती. आज तेथे पाव किलो वजनाचे यंत्र उडवावयाचे तर अर्ज करावा लागतो. त्यामुळे बरेचसे काम गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा अशा कडेच्या भागांत चालते, आणि तेही नकाशावरील रंग पाहून.

अशा रीतीने मिळालेले चित्रण संकलकाच्या टेबलावर येते तेव्हा ते कसे असते? यंत्राची एक बॅटरी साधारण अर्धा तास टिकते. चार-पाच बॅटऱ्या खर्ची पडल्या की दोन तासांचा ऐवज जमतो, आणि त्यातून अखेरीस दोन-तीन मिनिटांची चित्रफीत व्हावयाची असते. बाकीचे सारे टाकावयाचे. नवशिक्याला हे जिवावर येते, कारण आकाशातून घेतलेले प्रत्येक दृश्य प्रथमदर्शनी सुंदरच असते. पण जमिनीवरच्या दृश्यात कोणीतरी काहीतरी करीत असते, चेहरा बदलत असतो; आकाशातील दृश्यात हालतो तो केवळ कॅमेरा. पहिल्या चार-पाच सेकंदांत डोळा खालचा नकाशा वाचून घेतो, आणि पुढे नवे काही न उलगडले तर मन दुसरीकडे जाते. म्हणून जाणता संकलक सौंदर्यापेक्षा उलगडा पाहतो. गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींना चिकटून कॅमेरा वर चढतो, शेवटचा मजला खाली जातो आणि पलीकडे अरवलीचे खुरटे रान एकाएकी समोर येते. हे दृश्य ठेवावे, कारण त्याला आरंभ आहे आणि शेवट आहे. त्याच इमारतींभोवती घातलेली प्रदक्षिणा कितीही सफाईदार असली तरी तिचे तीन सेकंद पुरे होतात.

जोडकामाचे म्हणून काही साधे संकेत आहेत. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी व शेवटी यंत्र थोडे अडखळते, तो भाग छाटावा. कॅमेरा उजवीकडे सरकत असताना दृश्य तोडून पुढचे दृश्य डावीकडे सरकणारे लावले, तर प्रेक्षकाला गाडीने गचका दिल्यासारखे होते. गती एकाच दिशेची असेल तर जोड लक्षातही येत नाही. क्षितिज किंचित कलले असेल तर ते समतल करावे. मूळ चित्र ३८४० बिंदू रुंदीचे घेतले असेल आणि अंतिम फीत १९२० बिंदूंची करावयाची असेल, तर चौकट निम्म्यापर्यंत आवळूनही चित्र फुटत नाही. कोपऱ्यात आलेली पंख्याची सावली अशाच वेळी बाहेर घालविता येते. सेकंदास ५० चित्रे घेऊन ती २५ च्या गतीने दाखविली की उड्डाण निम्म्या वेगाचे आणि संथ दिसते. काही दोष मात्र कात्रीच्या आवाक्याबाहेरचे असतात. कडक उन्हात भिंगावर करडी काच न लावता चित्रण केले, तर प्रत्येक चित्र सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपले जाते, त्यातील स्वाभाविक पुसटपणा नाहीसा होतो आणि रस्त्यावरच्या गाड्या सरकण्याऐवजी टपटप उड्या मारताना दिसतात. सेकंदास २५ चित्रे असतील तर प्रत्येक चित्राला पन्नासांश सेकंद द्यावा, असा ह्या धंद्यातील जुना दंडक आहे. तो उडविणाऱ्याने पाळला नाही, तर संकलक फारसे काही करू शकत नाही.

आता रंगाकडे वळू. आणि रंगाशी आले की दिल्लीच्या हवेशी आलेच. चांगले कॅमेरे चित्र मुद्दाम फिके, करडे असे नोंदवितात, म्हणजे प्रखर आकाश आणि खालची सावली ह्या दोहोंतील तपशील टिकून राहतो. त्यात पुन्हा रंग भरणे हे संकलनाचे नेहमीचे अंग आहे, आणि त्यात खोटे असे काही नाही. परंतु कार्तिक-मार्गशीर्षात दिल्लीवरून घेतलेले चित्र ह्या कारणाने फिके नसते. शेतातील पेटविलेले पाचट, वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ आणि थंडीने खाली दाबून धरलेली हवा ह्यांचा तो पडदा असतो. सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, आणि वस्तू जितकी दूर तितका हा पांढुरका प्रकाश तिच्यावर अधिक चढतो. हा पडदा गणिताने दूर सारता येतो. २००९ साली काइमिंग ही ह्या चिनी संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह त्याची एक सुंदर युक्ती मांडली. स्वच्छ हवेतील कोणत्याही दृश्याचा लहानसा तुकडा घेतला, तर आकाश वगळता त्यात तांबडा, हिरवा, निळा ह्यांपैकी एखादा रंग जवळजवळ काळोखाइतका मंद असलेला बिंदू सापडतोच. तो सापडत नसेल, तर जितका उजेड अधिक तितके धुरके दाट असे समजून तेवढे वजा करावे. आज संकलनाच्या संगणकावर एक कळ सरकविली की अशाच प्रकारचे गणित चालते, आणि नोव्हेंबरातली नोएडा मार्चातल्या महाबळेश्वरासारखी दिसू लागते.

लग्नाच्या चित्रफितीत आकाश निळे केले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. नवरदेवाचा चेहराही तेथे थोडा उजळलेलाच असतो. पण ज्या इमारतीतील घर विकावयाचे आहे तिच्या जाहिरातीत हीच कळ सरकविली, म्हणजे ज्या हवेत त्या कुटुंबाने पुढील वीस वर्षे श्वास घ्यावयाचा ती हवाच त्याच्यापासून लपविली. वृत्तपटात किंवा माहितीपटात तर हे सरळ अपराध आहे असे मी समजतो. कॅमेऱ्याने स्वतः आणलेला फिकेपणा काढावा. त्या दिवशी जे हवेत होते, ते तेथेच राहू द्यावे.

याहून अवघड प्रश्न यमुनेवर उभा राहतो. वजीराबाद ते ओखला हा यमुनेचा सुमारे २२ किलोमीटरचा प्रवाह नदीच्या एकंदर लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे, आणि नदीतील घाणीचा फार मोठा वाटा एवढ्या अंतरातच तिला मिळतो. सांडपाण्यातील साबण-सोड्याचा अंश ओखल्याच्या बंधाऱ्यावरून आपटत खाली येतो आणि कालिंदी कुंजापाशी पाण्यावर फेसाचे थर तरंगू लागतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये छठपूजेच्या वेळी ह्या फेसात कमरेइतक्या उभ्या राहिलेल्या व्रतस्थ स्त्रियांची चित्रे जगभर गेली. आता हे दृश्य शंभर मीटरांवरून पाहा. काळसर पाण्यावर पांढरेशुभ्र पुंजके संथपणे वाहत आहेत, जणू हिमालयातील एखादे सरोवर वितळत आहे. येथे कोणीही रंगात फेरफार केलेला नाही. केवळ उंचीने हे सौंदर्य निर्माण केले आहे. त्यावर बासरीचे स्वर घातले की काम संपले, आणि नदीचे दुःखही संपले.

कॅरल रीड ह्यांच्या ‘द थर्ड मॅन’ ह्या १९४९ सालच्या चित्रपटात व्हिएन्नाच्या प्रचंड पाळण्यातून खलनायक खालची माणसे दाखवितो आणि, त्यांतला एखादा ठिपका थांबला तर तुला खरोखर काही वाटेल काय, असे मित्राला विचारतो. उंचीचा हा धर्मच आहे. यावर संकलकापाशी उपाय आहे, आणि तो कालिदासाचाच: नूपुर दाखविणे. फेसाच्या त्या पांढऱ्या विस्तारानंतर लगेच, काठावरून घेतलेले, ओंजळीत फेस धरलेल्या हातांचे एक दृश्य जोडावे. मग पुन्हा आकाशात जावे. तेच पहिले दृश्य दुसऱ्यांदा दाखविले तरी प्रेक्षकाला आता त्यात हिम दिसत नाही. दोन दृश्ये शेजारी ठेवली की त्यांच्यामधून तिसराच अर्थ निघतो, हे रशियातील कुलेशोव्हने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. ड्रोनच्या चित्रणाला त्याची गरज इतरांहून अधिक आहे. म्हणून काठावरचे हे दृश्य आधीच ठरवून घेऊन ठेवावे लागते. संकलनाला बसल्यावर ते कोठून आणणार?

ध्वनीची गोष्ट थोडक्यात सांगतो. ही चित्रे बहुधा मुकीच येतात. अनेक ड्रोन ध्वनी नोंदवीतच नाहीत, आणि नोंदविला तरी पंख्यांच्या घरघरीवाचून त्यात काय असणार? म्हणून आवाज खालून, निराळ्या यंत्रावर टिपून आणावा लागतो. तयार संगीताचा एकच लोंढा आरंभापासून अखेरपर्यंत सोडून देणे ही ह्या क्षेत्रातील सर्वांत प्रचलित वाईट खोड आहे. रेडिओच्या श्रोत्यांना हे वेगळे सांगावयास नको की, एका फेरीवाल्याच्या हाकेने अख्खी गल्ली डोळ्यांसमोर उभी राहते.

राजधानी परिसरातच मोडणारे, आणि मराठी माणसाच्या मनात घर करून राहिलेले एक स्थळ म्हणजे पानिपत. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरांवर १४ जानेवारी १७६१ रोजी जेथे लढाई झाली त्या भूमीवर, काला अंबच्या स्मारकापाशी, महाराष्ट्रातून लोक दरवर्षी जातात. तेथे ड्रोनने चित्रण करावयाचे ठरले तर काय दिसेल? सपाट गव्हाची शेते, विटांच्या भिंती, हमरस्ता. गडकोटांचे चित्रण करणाऱ्याला सह्याद्री स्वतःच मदत करतो. कडा आला की दृश्य उभे राहते. पानिपतात कडा नाही. एकशेवीस मीटरांवरून हे मैदान इतर कोणत्याही मैदानासारखेच दिसते. मला विचाराल तर तेथील चित्रफितीचा आरंभ उंचीने करूच नये. यंत्र घोडेस्वाराच्या डोळ्यांच्या पातळीवर, आठ-नऊ फुटांवर ठेवावे, तोंड दक्षिणेस करावे आणि पुढे न्यावे. पुढे काय आहे ते त्या पातळीवरून कळत नाही, आणि दोन-अडीच महिने कोंडलेल्या, उपाशी पोटी बाहेर पडलेल्या फौजेलाही त्या सकाळी फार पुढचे दिसत नव्हते. मग न तोडता सावकाश वर चढावे. क्षितिज मागे मागे हटत जाते आणि तरीही दिल्ली दिसत नाही. पौषातले धुके असेल तर ते राहू द्यावे. हा सबंध चढ वीस सेकंदांचा झाला तरी तो छाटू नये. इतरत्र सांगितलेला पाच सेकंदांचा हिशेब येथे लागू नाही. आणि आवाज म्हणून रणवाद्ये न घालता, खाली शेतात जो ट्रॅक्टर चालू असेल त्याचाच ठेवावा.