तार कंपाउंड करताय? आधी बांधावरची झाडं बघा



सोयाबीन निघालं, कंपाउंडची कामं सुरू झालीत. कंपाउंडवाल्याला नुसतं पोल-तारेचं काम सांगू नका, तारेवर येणाऱ्या फांद्याही त्याच माणसांकडून आधी काढून घ्या. ओली फांदी किंवा गवत झटका मशीनच्या तारेला लागलं की करंट जमिनीत उतरतो. रानडुक्कर सरळ आत! मशीन खराब नसतं, बऱ्याचदा फांदीच निघते.

मोठी फांदी एकदम वरून तोडली तर खोडाची साल फाटत जाते. आधी खालून थोडा काप, मग वरून. कापावर ताजी बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर).

पोल वाचवायला झाडालाच तार ठोकू नका, ती खोडात रुतते.

आणि कुणी "डायरेक्ट लाईन सोडून देतो" म्हणालं तर त्याला परत पाठवा. झटका मशीन क्षणभरच करंट सोडतं, म्हणून माणूस सुटतो. घरच्या २३० व्होल्टला चिकटलेला सुटत नाही. रात्री पाणी द्यायला आपलाच शेजारी येतो. हा गुन्हाही आहे.

शंका असेल तर तारेचा फोटो याच नंबरवर पाठवा.