असईचे शिलेदार, पडद्यावरचे

जालन्यात वाढलेल्या माणसाला असई सांगावी लागत नाही. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांची कवायती फौज आर्थर वेलस्लीसमोर उभी राहिली आणि हरली, एवढे शाळेतच झालेले असते. माझे वेड जरा निराळे. ऐतिहासिक मालिकांत घोड्यावर बसलेल्या नटांचे पुढे काय होते, याचा माग काढत बसण्याचा मला जुना नाद आहे. तो नाद फिरून फिरून मला याच बेचक्यात आणून सोडतो.

अमेरिकेत हा प्रश्न वेस्टर्न मालिकांनी कधीच सोडवून टाकला. 'गनस्मोक'मध्ये जेम्स आर्नेस १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षे एकाच मार्शलचा बिल्ला छातीवर लावून फिरला आणि मरेपर्यंत तोच राहिला. 'रॉहाइड'मधला क्लिंट ईस्टवुड मालिकेच्या सुट्टीत इटलीला गेला, १९६४ चा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' करून आला आणि सुटला. एकाला भूमिका चिकटली, दुसऱ्याने ती झटकली. आपल्याकडे गुराख्याच्या जागी शिलेदार आणि पिस्तुलाच्या जागी तलवार एवढाच फरक.

असईला जवळून चाटून गेलेल्या दोन मालिका आहेत. पहिली आपली: संजय खानची 'द ग्रेट मराठा', १९९४ ची, दूरदर्शनवरची. 'टिपू सुलतान'च्या सेटवर म्हैसूरला १९८९ मध्ये लागलेल्या आगीत स्वतः मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाने पुन्हा तोफा, तंबू आणि घोड्यांचाच पसारा मांडावा, याला हिंमत म्हणायचे की हट्ट, हे ज्याचे त्याने ठरवावे. नायक महादजी शिंदे. भूमिका शाहबाज खानची.

हा शाहबाज म्हणजे इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मुलगा. मूळ नाव हैदर. 'टिपू सुलतान'मध्ये तो हैदर अलीच झाला होता. होळकरांच्या इंदूरचे नाव ज्यांच्या गायकीने देशभर नेले त्या गवयाचा मुलगा ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा झेंडा घेऊन घोड्यावर बसतो, ही गंमत त्या काळी कुणाच्या लक्षात आल्याचे मला आठवत नाही. 'चंद्रकांता'तला वीरेंद्रसिंहही तोच. तीन वेळा शेला-पागोटे अंगावर चढले की आपल्याकडे नटाचा शिक्का पक्का होतो. शाहबाजचा झाला. पुढेही तो सतत काम करत राहिला, पण डोळ्यांसमोर आणायचा म्हटला तर तो घोड्यावरच येतो.

त्याच मालिकेत नजीबउद्दौला रोहिल्याचे काम केले होते इरफान खानने. पानिपतचा खरा सूत्रधार, म्हणजे आपल्या दृष्टीने पक्का खलनायक. इरफान तिथून कुठे पोहोचला हे सांगायला नको. माझे मत असे, की ऐतिहासिक मालिकेत नायक अडकतो आणि खलनायक सुटतो. नायकाला लोक हार घालतात, त्यामुळे त्याला जागचे हलता येत नाही.

अब्दाली झाला होता बॉब ख्रिस्टो. सिडनीचा, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, परवीन बाबीला भेटायच्या ओढीने भारतात आला आणि इथलाच झाला. संजय खाननेच त्याला 'अब्दुल्ला'त उभे केले. 'मिस्टर इंडिया'त हनुमानाच्या मूर्तीचा मार खाणारा गोरा तो हाच. हिंदी सिनेमाने त्याला आयुष्यभर मार खायला लावला, आणि अफगाण बादशहा मात्र याच ऑस्ट्रेलियन माणसाला केला! २०११ मध्ये तो बंगळूरला वारला. त्याचे आत्मचरित्र मिळाले तर जरूर वाचा.

याच मालिकेत अहिल्याबाई होळकर झालेल्या मृणाल कुलकर्णींची वाट वेगळी. 'स्वामी' मालिकेत त्या रमाबाई होत्या आणि रवींद्र मंकणी माधवराव. वय वाढत गेले तशा रमाबाईच्या जिजाबाई झाल्या आणि २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच 'रमा माधव' दिग्दर्शित केला. त्यात मंकणींना त्यांनी नानासाहेब पेशवे केले, म्हणजे एकेकाळच्या माधवरावाला माधवरावांचा बाप. भूमिकेच्या मागे लागण्यापेक्षा तिच्यासोबत म्हातारे होण्याचा हा मार्ग मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. डॉ. अमोल कोल्हे यांच्याबद्दल नव्याने काय लिहायचे? शिवाजी झाले, संभाजी झाले, २०१९ मध्ये शिरूरचे खासदार झाले.

महादजी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले, असई त्यानंतर नऊ वर्षांनी. तेव्हा त्यांच्या मालिकेला असई न दाखवल्याचा दोष देता येत नाही. दोष द्यायचाच तर इंग्रजांच्या मालिकेला द्यावा लागेल.

ती मालिका 'शार्प'. बर्नार्ड कॉर्नवेलच्या कादंबऱ्यांवरची. पहिली कादंबरी १९८१ ची, म्हणजे औरंगाबादपासून वेगळा होऊन आपला जिल्हा जन्मला त्याच वर्षीची. गटारातून वर आलेला, शिपायाचा अधिकारी झालेला रिचर्ड शार्प हा तिचा नायक. मालिकेसाठी निवडला होता पॉल मॅकगॅन. १९९२ मध्ये क्रिमियात चित्रीकरण सुरू झाले आणि काही दिवसांतच फुटबॉल खेळताना त्याचा गुडघा गेला. विम्याची भानगड झाली, भूमिका गेली आणि घाईघाईने शॉन बीनला बोलावले. पुस्तकातला शार्प काळ्या केसांचा, लंडनचा. बीन पिंगट केसांचा, शेफील्डचा, बोलण्यात यॉर्कशायरचा हेल. लोकांना तो इतका पटला की पुढच्या कादंबऱ्यांत कॉर्नवेलनेच शार्पच्या पोरवयाची काही वर्षे यॉर्कशायरला नेऊन टाकली! नटाने लेखकाला वाकवल्याचे याहून धडधडीत उदाहरण मला माहीत नाही. बीन पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये बोरोमीर झाला, 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये नेड स्टार्क झाला आणि पडद्यावर मरण्यासाठी जगभर प्रसिद्ध झाला. मॅकगॅन १९९६ च्या एका चित्रपटात 'डॉक्टर हू' झाला. एका गुडघ्यावर दोघांची नशिबे फिरली.

आता असई. वेलस्लीचा जीव वाचवला म्हणून शार्पला अधिकारपद मिळते, हा सगळ्या कथेचा पाया. १९९३ च्या मालिकेत हा प्रसंग पोर्तुगालमध्ये, फ्रेंच घोडेस्वारांशी झटापट करून घडतो. मालिका १९९७ मध्ये संपली आणि त्यानंतर १९९८ मध्ये कॉर्नवेलने 'शार्प्स ट्रायम्फ' लिहून तोच प्रसंग असईच्या रानात आणला. म्हणजे पुस्तकातला शार्प अधिकारी होतो तो जालना जिल्ह्यात, पडद्यावरचा युरोपात. आपली जागा अशी हुकली.

२००६ मध्ये पुन्हा संधी आली. 'शार्प्स चॅलेंज' भारतातच चित्रित झाला. पण कथा नेली १८१७ मध्ये आणि कॅमेरा राजस्थानात. किल्ले, वाळू, उंट, सगळे आले. केळनेचे पाणी तेवढे नाही आले. असईच्या कादंबरीतला एक माणूस मात्र उचलून त्यांनी तिकडे नेला, विल्यम डॉड.

हा डॉड खरा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला लेफ्टनंट. त्याच्या हुकमावरून एका सोनाराला इतका मार बसला की तो मेला. लष्करी न्यायालयाने डॉडला काही महिने निलंबनाची किरकोळ शिक्षा दिली. वेलस्ली भडकला. खुनाचा खटला उभा राहणार असे दिसताच डॉड पळाला. एका सोनाराच्या मरणाने कंपनीच्या सेनापतीचे डोके फिरावे, ही गोष्ट मला कादंबरीतल्या सगळ्या चकमकींपेक्षा मोठी वाटते. तिच्यावर कोर्टातले एक अख्खे नाटक उभे राहील. पडद्यावर मात्र डॉडचा झाला नुसता क्रूर बंडखोर.

ती भूमिका केली टोबी स्टीफन्सने. आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, आमिर खानच्या 'मंगल पांडे'त मंगलचा जिवाभावाचा मित्र कॅप्टन विल्यम गॉर्डन तोच होता. एक विल्यम भला, दुसरा बुरा. टोबी म्हणजे मॅगी स्मिथचा मुलगा. पुढे 'ब्लॅक सेल्स'मध्ये चाच्यांचा कप्तान म्हणून गाजला. माझ्या सिद्धांताप्रमाणे खलनायक इथेही सुटलाच.

इतकी धावाधाव करून पडद्यावर काय आले नाही ते बघा. लढाईच्या दोन दिवस आधी वेलस्ली आणि दुसऱ्या इंग्रज फौजेचा सेनानी स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले आणि वेगवेगळ्या वाटांनी निघून २४ तारखेला भोकरदनशी शत्रूला गाठायचे ठरले. शिंदे आणि त्यांचे जोडीदार नागपूरकर भोसले यांची फौज वेलस्लीला एक दिवस आधीच समोर सापडली. वाटाडे म्हणाले, इथे नदीला उतार नाही. नदीच्या दोन काठांवर आमनेसामने दोन गावे दिसत होती. येणेजाणे असल्याशिवाय गावे अशी वसत नाहीत, एवढ्या अंदाजावर त्याने फौज पाण्यात घातली. उतार होता.

समोर शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनानी, हॅनोव्हरचा पोलमन, बेगम समरूच्या पलटणी आणि शिंद्यांचे गोलंदाज. या गोलंदाजांसाठी मी हा सगळा लेख लिहिला म्हणा. गोरे पायदळ तोफांवर चालून आले तेव्हा त्यांतले कित्येक जण मेल्याचे सोंग घेऊन तोफांच्या चाकांपाशी पडून राहिले. रांग त्यांना ओलांडून पुढे गेली. मग ते उठले, तोफा उलट्या वळवल्या आणि शत्रूच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला ७८ वी हायलँडर पलटण आणि घोडदळ घेऊन परत फिरावे लागले, जिंकलेल्या तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. त्याच्याकडचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले. त्याचा एक घोडा गोळीने पडला, दुसऱ्याला भाला लागला. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाला म्हातारपणी विचारले, की तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती? उत्तर एका शब्दाचे होते, असई.

शिवरायांच्या आणि शंभूराजांच्या मालिका होत राहतील, व्हाव्यातच. पण जिंकलेल्या लढायांपुरतेच आपले निर्माते शूर आहेत. हरलेल्यांत पानिपताएवढी मोठी हार असेल तर चालते. असईसारखी, जिथे शिस्तीने लढून हरलो, ती नको असते. तिच्यात घोड्यावरचा नायक नाही, हे त्यांचे खरे दुखणे. दौलतराव रणातून आधीच निघून गेले होते. उरले ते तोफेपाशी पडलेले, नाव नसलेले गोलंदाज.

जालना, छत्रपती संभाजीनगरच्या नाट्यसंस्थांतून दरवर्षी एकांकिका करणाऱ्या पोरांना माझे सांगणे आहे. मुंबईच्या निर्मात्याची वाट बघू नका. बदनापूर, भोकरदन, असई ही वाट एका दिवसात होते. एक तोफ, चार नट आणि त्या सोनाराचा खटला एवढ्यावर प्रयोग उभा राहील. गोलंदाजाचे काम मात्र तुमच्यातल्या सगळ्यांत चांगल्या नटाला द्या.