कोयनेच्या मापानं सूर्य

वाढीचा दर २.३ टक्के. एवढं व्याज देणाऱ्या बँकेकडे आपण फिरकणारही नाही. पण मुदतठेववाल्यांना ७२ चा हिशेब ठाऊक असतो : ७२ ला दरानं भागा, रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. इथं ३१ वर्षं. शंभर वर्षांत जवळपास दहापट.

हाच दर जगाच्या ऊर्जावापराला लावू. आज माणसं सुमारे १९ टेरावॉट वापरतात. टेरावॉट म्हटल्यावर डोळ्यांपुढे काहीच येत नाही, म्हणून माप कोयना जलविद्युत प्रकल्पाचं घेऊ. क्षमता १,९६० मेगावॉट. म्हणजे जग साधारण दहा हजार कोयना अहोरात्र, पूर्ण क्षमतेनं चालवतंय. (खरी कोयना तशी चालत नाही, तिला पाण्याचा कोटा सांभाळावा लागतो.)

शंभर वर्षांनी एक लाख कोयना. दोनशेंनी दहा लाख. चारशेंनी नऊ कोटींच्या घरात. आणि अख्ख्या पृथ्वीवर पडणारं ऊनही तेवढंच! शिवाजी महाराजांच्या जन्मापासून आजवर लोटला, जवळपास तेवढाच हा काळ.

उन्हावर न विसंबता अणुसंमीलनातून ऊर्जा मिळवणं जमलं तर? तरी सुटका नाही. पंखा असो, रेल्वे असो, वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णताच होते, आणि ती अवकाशात फेकायला पृथ्वीला तापावंच लागतं. तिचं सरासरी तापमान आज १५ अंशांच्या आसपास आहे. नऊ कोटी कोयनांना ते ८५ च्या पुढे जाईल. इथं कार्बनचा एक कणही धरलेला नाही.

आज मात्र दुखणं वेगळं आहे. आपल्या चुलीची आच दहा हजार कोयनांची. हवेत साठवलेला कार्बन डायऑक्साइड जी उष्णता अडवतो ती साडेपाच लाख कोयनांची. चुलीपेक्षा पांघरूण पन्नासपट भारी.

मग वाढ थांबवायची? भारतीय माणसाच्या वाट्याला सरासरी ९०० वॉट येतात, अमेरिकन माणसाच्या ९,०००. आपल्याला ‘पुरे’ म्हणायला सांगणाऱ्यानं आधी स्वतःचं मीटर दाखवावं. जगातल्या ८०० कोटी माणसांनी अमेरिकनांइतकी ऊर्जा वापरायची म्हटली, तर ३७ हजार कोयना लागतील. २.३ टक्क्यांनी तो आकडा साठ वर्षांत गाठता येतो.

मला कोडं पडतं ते एकसष्टाव्या वर्षाचं.