खेळाडू मुलाच्या गुडघ्यास आधार

गल्याथाशीं लढावयास निघालेल्या तरुण दावीदास शौल राजानें आपलें चिलखत चढविलें, डोक्यावर पितळेचा टोप ठेविला. पण तें घालून त्यास चालतांहि येईना. तेव्हां त्यानें सर्व उतरवून ठेविलें व आपली गोफण हातीं घेतली. ही कथा आमच्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यांत खो-खोच्या मैदानावर आम्हांस तिची आठवण झाली. आठवींतील एक सडपातळ, चपळ मुलगा गुडघ्यावर नीकॅप चढवून खेळावयास उतरला. तीन-चार वेळां उठबस होते न होते तोंच ती घसरून पोटरीवर गुंडाळी होऊन बसली. चौकशी करतां कळलें कीं, ती त्याच्या वडिलांच्या मापाची होती. वडिलांचें म्हणणें, मुलगा वाढत्या अंगाचा, दोन वर्षें तरी उपयोगी पडेल.

सदरा वाढत्या अंगाचा शिवला तर फार तर बाह्या लोंबतात. सांध्याच्या आधाराचें तसें नाहीं. लवचिक नीकॅप हाडें जागच्या जागीं धरून ठेवते असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नव्हे. तिचें काम याहून साधें आहे. ती सांध्यास ऊब देते, सभोंवार हलका दाब ठेवते, आणि त्या दाबामुळें आपला गुडघा कसा वळतो आहे याचें भान खेळणाऱ्यास राहतें. दाब सर्व बाजूंनीं सारखा असला तरच एवढें काम होतें. सैल पट्टी कांहींच करीत नाहीं; आणि घसरून गुंडाळली म्हणजे पोटरीस दोरीसारखी आवळते.

परंतु मापाच्या आधीं, दुखतें कशानें हें पाहिलें पाहिजे. वाढत्या वयांत हाडांच्या टोकांजवळ कोंवळ्या कूर्चेचा थर असतो; हाड लांबीनें वाढतें तें तेथेंच. हा थर सांध्याच्या बंधांहूनहि नाजूक असल्यामुळें, मोठ्या माणसाचा जेथें नुसता पाय मुरगळतो तेथें मुलाच्या या थरास इजा होऊं शकते. शिवाय गुडघ्याच्या वाटीखालीं, नडगीच्या वरच्या टोकास जो उंचवटा असतो, तेथें मांडीच्या मोठ्या स्नायूची ओढ पोंचते. धांवण्यांत व उड्यांत ती ओढ वारंवार बसून उंचवटा दुखूं लागतो, सुजतो. बोस्टनचे ऑसगुड व झुरिकचे श्लाटर या दोघां शस्त्रवैद्यांनीं १९०३ सालीं स्वतंत्रपणें याचें वर्णन केलें, म्हणून या दुखण्यास दोघांचीं नांवें मिळालीं. सुमारें १० ते १५ वर्षांच्या खेळाडू मुलामुलींत तें फार आढळतें. खेळ बेताचा ठेवल्यानें कमी होतें, आणि हाडांची वाढ पुरी झाली म्हणजे बहुधा जातें. आमच्या विद्यार्थ्याचें हेंच निघालें. मात्र संघांतील जागा जाईल या भीतीनें त्यानें दोन महिने तें लपविलें होतें. ही भीति त्याच्या मनांतून घालविणें आमचें काम होतें. तेथें आम्ही कमी पडलों.

सूज एकाएकीं आली, पायावर भार देववत नाहीं, गुडघा मध्येंच अडकतो, रात्रीं दुखून जाग येते किंवा अंगांत ताप आहे, तर दुकानाकडे न जातां डॉक्टरांकडे जावें. कित्येकदां दुखणें गुडघ्यांत जाणवतें आणि मूळ खुब्यांत असतें. नीकॅप घालून तें झांकलें मात्र जाईल. आपल्या शहरांत १९४७ सालीं स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्यास लोक नुसतें ‘मेडिकल’ म्हणतात. तेथें अस्थिरोगांचा विभाग आहे.

माप शिंप्याच्या टेपनें, उघड्या कातडीवर घ्यावें. मुलास उभें करावें, मांडी ताठ धरूं देऊं नये, आणि टेप टेकेल पण रुतणार नाहीं इतकीच ओढावी. सूज असतांना घेतलेलें माप सूज उतरल्यावर सैल पडतें. कोठें मोजावयाचें तें पाकिटावर छापलेलें असतें, परंतु सर्व कारखानदारांची रीत एक नाहीं. कोणी वाटीच्या मध्यावरचा घेर मागतो, कोणी तिच्या वर मांडीचा व खालीं पोटरीचा. म्हणून तिन्ही घेर टिपून न्यावेत, व इंच आणि सेंटिमीटर यांचा घोटाळा होऊं देऊं नये. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. वयावरून किंवा उंचीवरून अंदाज करणें सर्वांत वाईट. सडपातळ मुलगा उंचीनें मोठ्यांत मोडतो आणि घेरानें लहानांत. मोठ्यांचें सर्वांत लहान मापहि त्यास ढिलें होतें. त्यास मुलांच्या मापाची नीकॅप पाहावी. ती आंखूड पडली तर वर व खालीं निरनिराळे आवळतां येणारे पट्टे असलेली घ्यावी.

दुकानांत सरळ उभें राहून पाहणें पुरेसें नाहीं. आपलीं मुलें मांडी घालून जेवतात, उकिडवीं बसतात. खो-खोंत तर आठ गडी बसलेले असतात व खो मिळतांच उठून पळतात. जयपूर येथें डॉ. सेठी व रामचंद्र शर्मा या कारागिरानें १९६८ च्या सुमारास कृत्रिम पाय घडविला तो याच विचारानें, कारण परदेशी धर्तीच्या पायानें उकिडवें बसतां येत नसे कीं अनवाणी चालतां येत नसे. नीकॅप त्या मानानें क्षुल्लक वस्तु, पण कसोटी तीच. मुलानें दहा-पंधरा मिनिटें ती घालून चालावें, बसावें, उठावें, थोडें पळावें. काठाखालीं दोन बोटें जेमतेम शिरावींत. पायाचीं बोटें बधिर झालीं, मुंग्या आल्या किंवा रंग पालटला तर ती तत्काळ काढावी. आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यांत जाड रबरी निओप्रीनखालीं घाम सांचून पुरळ उठतें, विणलेली बरी. रोज धुवावी, आणि डॉक्टरांनीं सांगितल्याखेरीज झोपतांना घालूं नये.

बळ मात्र मांडीच्या स्नायूंत आणावें लागतें. उताणें निजून, गुडघा ताठ ठेवून पाय सावकाश वर उचलणें व तसाच खालीं आणणें. एका पायावर तोल सांभाळून उभें राहणें. हे व्यायाम दुखणें कमी झाल्यावर डॉक्टरांस विचारून सुरू करावेत. आमच्या विद्यार्थ्यानें ते नेटानें केले, आणि मध्यंतरीं धांवण्याऐवजीं गुण मोजण्याचें काम पत्करलें. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां तो पुन्हा मैदानावर आला. वडिलांनीं मापानें घेतलेली नवी नीकॅप बरोबर होती. ती आतां त्यास घट्ट होत होती. आम्हीं टेप आणून त्याचे तिन्ही घेर पुन्हा टिपून घेतले.